गुंजनच्या बदली

"हॅलो?… हो माय, बोल… हळूच बोलून राहिली मी. लायब्ररीत आहे… लायब्ररीत. पुस्तकाच्या खोलीत… अवं, इथं फोन चालत नाही. थांब, मांगं जातो."

मागे म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे. कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षभराची वर्तमानपत्रं सुतळीने बांधून छताला टेकवून ठेवली होती आणि त्यांच्या आडोशाला एक खिडकी होती. मुलींचे सगळे फोन त्या खिडकीत होत. ग्रंथालयाचे शिपाई टेकचंदभाऊ शेजारीच स्टुलावर बसत. निम्म्या जिल्ह्याच्या घरची खबर त्यांना पाठ होती, पण विचारलं तर आपल्याला कमी ऐकू येतं असं सांगायचे. गुंजनने जाताना काउंटरवरचा कागद आणि पेन सोबत घेतलं. 'कमवा आणि शिका' योजनेच्या सरांनी दुपारी दिलेला कागद होता तो, पाच वाजेपर्यंत लिहून द्यायचा. आता सव्वाचार झाले होते.

"हं… नाही, थांब. तू नको बोलू. मले माहीत आहे तू काहून फोन केला… पार्वतामावशीची रोवणी. उद्या… मी भुलली नाही माय, काल सकाळीच सांगतलं ना तू… अवं पन आयक ना… पाय कसे आहेत तुझे?… अजून पानी सुटून राहिलं?… हळद लावली का?… मंग तू तर बांधीत जाऊच नको. उगाच जिद्द नको करू."

बेबीबाईंच्या दोन्ही पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या. पंधरा दिवस चिखलात उभं राहिलं की कोणालाही होतात, पण या वर्षी त्यांना चप्पलही घालवेना. आणि उद्याचा दिवस तर चुकवता येण्याजोगा नव्हता. आंबागडात धानाच्या रोवणीला बाया एकमेकींच्या बांधीत, पाणी धरलेल्या खाचरात, जातात. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पार्वताबाई गेल्या आठवड्यात सुनेला घेऊन त्यांच्याकडे आली होती, आता त्यांच्या घरची बाई तिच्याकडे गेली पाहिजे. स्वतःला जमत नसेल तर बदलीची बाई पाठवावी. जाऊ, भाची, घरी आलेली पाहुणी, कोणीही चालते. दिवस तिचा लागत नाही, जिने पाठवली तिच्या नावावर लागतो. कोणी विचारत नाही की ही कोण आणि ती का नाही आली. हात चिखलात गेले की झालं.

"उद्या मी येऊ नाही शकत… माहीत आहे, माय… माहीत आहे तिनं सुनेले आनलं होतं… थांब. तुझा फोन स्पीकरवर आहे का?… माझाच आवाज मले दोनदा आयकू येऊन राहिला… बंद कर ना तो. ते खालचं, भोंग्याचं चित्र… लाल नको दाबू, फोन कटते… दाबलं?… कोन आहे तिथं? कपबशी वाजली… कोन आलं?… हं हं, मावशीच असल. असू दे, असू दे. तिले चहा दे. पन तिच्यासमोर नको स्पीकर ठेवू, घरातली गोष्ट आहे… झाला बंद?… बरं."

बेबीबाईंनी नेमकं काय दाबलं ते देवच जाणे. आवाज जरा बारीक झाला, तेवढ्यावर गुंजनचं समाधान झालं. ती सकाळी पाचला उठली होती, आठ ते बारा वर्ग केले होते, दोनपासून काउंटरवर उभी होती. बारीकसारीक गोष्टींची खात्री करून घेण्याइतका जीव तिच्यात उरला नव्हता.

"कोन पोरगी?… माय, ते मंग सांगजो. कोनाची पोरगी कुठं आली ते मंग. माझ्यापाशी वेळ नाही… पाच वाजेपर्यंत मले एक कागद द्याचा आहे… नाही, फीचा नाही… परीक्षेचा नाही. आयकशील का?… माझं काम जाऊन राहिलं, माय."

"…हो, हेच काम. लायब्ररीचं… नाही, गेलं नाही अजून. जाऊन राहिलं."

तिने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. हे काम मिळवायला तिला अख्खं एक सत्र लागलं होतं. 'कमवा आणि शिका'चा फॉर्म पहिल्यांदा भरला तेव्हा उत्पन्नाचा दाखला जुना निघाला. दुसऱ्यांदा नवा दाखला आणला, तेव्हा बारा जागा भरून गेल्या होत्या. तिसऱ्यांदा जागा मिळाली ती बागेत, झाडांना पाणी घालायची. मग एक दिवस ग्रंथपालबाईंनी पाहिलं की ही मुलगी पाइप गुंडाळते तो कसा नीट गुंडाळते, आणि तिला वर्तमानपत्रं बांधायला आत बोलावलं. तेव्हापासून दोन ते पाच तिचा काउंटर. पण खरी गोष्ट काउंटर नव्हती. योजनेतल्या मुलींना वसतिगृहात खाट मिळते, ती खरी गोष्ट. काम गेलं की खाट गेली. आणि खाट गेली की आंबागडहून तुमसर, तुमसरहून भंडारा, रोजची दोन-दोन गाड्यांची ये-जा. पहिल्या वर्षी तिने ते करून पाहिलं होतं. आठच्या तासाला ती कधीच पोचली नाही, आणि हजेरी कमी पडून एका विषयाला बसूच दिलं नव्हतं. या वर्षी तसं झालं तर घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची, असं बाबांनी आताच सांगून ठेवलं होतं. घरी बसलेल्या मुली बाहेरून परीक्षा कशा देतात हे तिने गावात पाहिलं होतं.

"मागच्या आठवड्यात मी दोन दिवस आली होती ना, आपल्या रोवणीले… मंगळवार, बुधवार… हो. तर इथं माझ्या बदली मोनिका बसली होती… मोनिका. आंधळगावची, कोष्ट्याची. सांगतलं होतं ना तुले, सोबत डबा खातो आम्ही… तेच… काय? अवं, सांगू दे ना मले पूर्ण."

"तिनं रजिस्टरवर माझी सही केली… माझं नाव लिवलं. 'गुंजन'. दोन दिवस… मंग काय झालं म्हन्जे? तेच तर झालं ना, माय… अवं, इथं तसं नाही चालत… नाही चालत. इथं जिचं नाव तिचेच हात पाहिजे."

हे समजावणं सोपं नव्हतं, कारण गुंजनला स्वतःलाच ते आज सकाळी समजलं होतं. रजा हवी तर दोन दिवस आधी अर्ज, असा योजनेचा नियम. आता बांधीत पाणी कधी धरेल हे आधल्या संध्याकाळपर्यंत कोणाला कळतं? बाबांचा फोन रात्री आला, पहाटेची गाडी पकडायची होती. तिने मोनिकाला विचारलं, बसशील का माझ्या बदली? मोनिका म्हणाली, बसतो. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मोनिकाच्या घरी चार पिढ्यांचा माग. तिथेही एकाचा हात दुखावला तर शेजारचा येऊन मागावर बसतो, आणि लुगडं उतरलं की ते ज्याचा माग त्याचंच म्हणतात. बुधवारी योजनेचे सर तपासणीला आले आणि त्यांनी काउंटरवर विचारलं, गुंजन सार्वे कोण? तर मोनिकाने उभं राहून सांगून टाकलं, मी तिच्या बदली आहे सर. आणि सरांनी रजिस्टर उघडलं.

"चोरीच म्हनतात माय इथं त्याले… हो. खोटी सही… मी हासू का रडू, तूच सांग… सर वाईट नाहीत. त्यांच्यावरच वरून पत्र आलं, हजेरी तपासा म्हनून. आता त्यांना कागदावर एक नाव पाहिजे. एकच. कोनाची चूक ते लिवलं की फाईल बंद."

टेकचंदभाऊंनी स्टुलावरून घड्याळाकडे बोट केलं. साडेचार. गुंजनने मान हलवली.

"आयक… सर म्हनाले, तू लिव की मी बिमार होती, मी कोनाले सांगतलं नव्हतं. मोनिका आपल्या मनानं बसली, आपल्या मनानं सही केली. असं लिवलं तर माझं काम राहते. खाटही राहते… तिचं? तिचं नाव यादीतून कटते. कायमचं… अवं, यादी म्हन्जे, जागा खाली झाली की कोनाले द्याची त्याची यादी. ती एक नंबरवर आहे… मोनिकाच. एक नंबर. माझी जागा गेली तर तिलेच भेटते."

कागद खिडकीच्या कट्ट्यावर होता. वर तिने सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मी, गुंजन पुंडलिक सार्वे, बी.ए. द्वितीय वर्ष, लिहून देते की दिनांक' आणि पुढे तारखा, आणि पुढे 'मी आजारी असल्याने'. त्यापुढे होतं, 'कु. मोनिका हिने'. दीड तासापासून पेन तिथेच अडलं होतं.

"लिवून राहिली मी… लिवतोच. नाही तर काय करू?… तू तिची बाजू काहून घेऊन राहिली? तू तिले पाह्यलं तरी आहे का?… गोड बोलते ती सगळ्यांशीच… माय, मले बोलू दे. सकाळपासून कोनाजवळ बोलली नाही मी."

आणि मग ती बोलली. दिवसभर पोटात धरून ठेवलेलं सगळं तिने त्या खिडकीत ओतलं. हळू बोलायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. टेकचंदभाऊ उठून सुतळीचा गुंडा शोधायला पलीकडे गेले. काही गोष्टी त्यांनाही खरोखरच ऐकायच्या नसत.

"तिनं मुद्दाम सांगतलं सराले… हो, मुद्दामच. सर आले तर चूप बसाचं ना. 'गुंजन बाहेर गेली' म्हनाचं. उभं राहून सांगाची काय गरज होती, बदली आहे म्हनून? एक नंबरवर आहे ना ती. तिले माहीत होतं माझं नाव कटलं की तिचं लागते… रोज आंधळगावाहून उभ्यानं येते, कंटाळली आहे ती. खाट पाहिजे तिले. माझी खाट… दोन दिवस बसली, उपकार केल्यावानी. आनि तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत डबा खाल्ला. काही बोलली नाही… भाजी दिली मले, माय. आनि काही बोलली नाही."

"…आज दुपारी भेटली, पायऱ्यांवर. म्हटलं तिले, तुले पाहिजे होतं ते भेटलं. म्हटलं मी… काही नाही म्हनाली. पाहून राहिली नुसती. तवापासून दिसली नाही. वर्गात नाही, कुठं नाही. गेली असल सराकडे, गोड गोड बोलाले."

एवढं बोलून झाल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाय दुखतायत हे आठवलं. पलीकडे कुठेतरी म्हैस ओरडली, घरामागची त्यांचीच.

"हॅलो?… माय?… आहेस ना?… काहून चूप झाली?"

"…काय?"

"…कोन आली?"

"माय, पुन्हा सांग… कवापासून?… साडेतीनच्या गाडीनं?… एकटी?… घर कसं सापडलं तिले?… पुंडलिकराव कुठं राह्यते म्हनून विचारत आली…"

गुंजन खाली बसली, त्या गठ्ठ्यांच्या धुळीत, ओढणीचं भान न ठेवता.

"काय म्हनाली ती?… नाही, तेच शब्द सांग मले. जसे म्हनाली तसे…"

"…'मी गुंजनच्या बदली आली'…"

काल डबा खाताना गुंजन सहज बोलून गेली होती. उद्या घरी पार्वतामावशीची रोवणी आहे, मायचे पाय गेले, आणि रजेचा अर्ज द्यायला उशीर झाला, तुला तरी परत परत कसं बसवू. मोनिकाने विचारलं होतं, कोणत्या गाडीने जातात तुमच्याकडे? गुंजनला वाटलं, बोलायला काही नाही म्हणून विचारते. तुमसरला उतरायचं आणि डोंगराच्या बाजूची गाडी धरायची, एवढं सांगून तिने डबा बंद केला होता. आणि आज दुपारी पायऱ्यांवर ते सगळं ऐकून घेतल्यावरही ती मुलगी एसटी स्टँडवर गेली.

"कवापासून सांगून राहिली तू मले हे… हो. पहिल्यापासूनच. मीच बोलू दिलं नाही तुले… चहा घेतला तिनं?… अर्धाच?"

"…माय, एक विचारू? खरं सांगजो."

"फोन स्पीकरवर होता का?"

बेबीबाई बहुधा तेच चित्र पुन्हा दाबून पाहत होत्या. गुंजनला उत्तर नको होतं. पलीकडच्या ओसरीवर अर्धा चहा घेऊन बसलेली, पायांत कॉलेजची सँडल असलेली मुलगी तिला इथून दिसत होती. इतकी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती.

"…दाबलं होतं ना तू… बरं. राहू दे. तुझी चूक नाही, माय. तुझी काहीच चूक नाही."

"दे तिले."

"…मोनिका?"

"मोनिका, कितीक आयकलं तू?"

"…सगळं? पहिल्यापासून?"

"…नाही, मी… आयक ना… मले वाटलं…"

काय वाटलं ते पुढे सांगता येईना. माफ कर हा शब्द तिने पुस्तकात पुष्कळदा वाचला होता, पण त्यांच्या घरी, आणि तिच्या ठाऊकपणी त्यांच्या गावातही, तो कोणी कोणाला तोंडाने म्हटलेला तिने ऐकला नव्हता. लोक जेवायला बसवतात, नाहीतर कामाचं काहीतरी सांगतात. तिनेही तेच केलं.

"तू कधी उतरली आहे बांधीत?… कधीच नाही… मंग आयक. सकाळी साडेसातले बाया निघतात, मायच्या जुन्या लुगड्यातलं एक घेजो, ड्रेस नको घालू. वर खोचजो, गुडघ्याच्या वर, लाजू नको. अंगठी काढून ठेव घरीच… हो. पऱ्ह्याची, म्हन्जे रोपाची, पेंडी डाव्या हातात. तीन-चार काड्या काढाच्या, आनि सरळ बोटं घालून रोवाच्या. अंगठ्यानं नाही दाबाचं, वाकडं बसते. धागा तुटला तर जोडाले किती जोर लावते तू? तेवढाच… हं. तुले जमल. तुझा हात तसा आहे. मांगं मांगं सरकाचं, पुढं नाही. बाजूच्या बाईच्या ओळीवर नजर ठेवजो… बाया हासतील. हासू दे, त्या सगळ्यांनाच हासतात. पार्वतामावशीची सून चांगली आहे, तिच्या बाजूले उभी राहा. आनि आता रात्रीच पायाले तेल लाव, बोटांच्या मधात, चांगलं चोळून. मायले माग. लाव म्हनतो ना. नाही तर मायसारखे होतील…"

"…काय म्हनाली?"

"…कागद? नाही दिला अजून."

"…मोनिका, तू असं कायले बोलून राहिली?… नाही. तुझी चूक म्हनून नाही लिवत मी… तू म्हनशील तरी नाही लिवत. तुले कोनी सांगतलं, सर असं म्हनाले म्हनून?… हो, मीच सांगतलं. आत्ताच. स्पीकरवर."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच. तिने ओढणीने नाक पुसलं. गठ्ठ्याच्या कडेवरून टेकचंदभाऊंचं डोकं दिसलं. त्यांनी नुसती भुवई दाराकडे उडवली. योजनेचे सर आले होते.

"थांब हं. फोन नको ठेवू. सर आले… नको ठेवू म्हनतो ना. आयकत राह्यजो."

फोन तिने तसाच कट्ट्यावर ठेवला, तोंड वर करून. कागद उलटा केला. पुढच्या बाजूला अडून बसलेलं पेन मागच्या बाजूला दोन मिनिटांत चाललं. 'मंगळवार आणि बुधवार मी घरच्या रोवणीला गेले होते. आजारी नव्हते. मोनिकाला माझ्या जागी मीच बसवले. तिने माझ्या सांगण्यावरून सही केली. चूक माझी आहे.' खाली तिने पूर्ण नाव लिहिलं.

सरांनी कागद उभ्यानेच वाचला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. त्यांनी तिला हळू आवाजात समजावून पाहिलं की मुली, मी तुला वाट दाखवली होती, ती तू सोडून दिलीस. असं लिहिलं तर नाव तुझंच कापावं लागेल, महिनाअखेर खाटही सोडावी लागेल. ते खरोखरच हळहळत होते. त्यांच्या बारा मुलांत सुतळीची गाठ नीट मारणारी ही एकच होती.

"हो सर. माहीत आहे," गुंजन म्हणाली.

मग उद्यापासून यादीतली पहिली मुलगी काउंटरवर येईल, असं सर म्हणाले. तिला आजच निरोप द्या, दोन वाजता हजर पाहिजे. एक दिवसही काउंटर रिकामा दिसला तर वरचे लोक जागाच बंद करतील.

"उद्या ती येणार नाही, सर."

सरांनी मान वर केली.

"आमच्या घरी रोवणीचा एक दिवस लागतो. तो द्यायला ती आंबागडला गेली आहे. माझ्या बदली. म्हणून उद्या तिच्या बदली मी बसते. सही तिची नाही करणार सर, माझीच करीन. पुढे बदली असं लिहीन. मग ती खोटी नाही ना होत?"

टेकचंदभाऊंना कमी ऐकू येतं हे त्या क्षणी कोणालाही पटलं नसतं. अशा प्रश्नाचं उत्तर योजनेच्या पुस्तिकेत नव्हतं. सरांनी कागद तिच्यासमोर पुन्हा ठेवला आणि म्हणाले, हेही लिहून दे, खालीच. अक्षर नीट काढ.

तिने लिहिलं. 'उद्या एक दिवस, मोनिकाच्या बदली, गुंजन.' सर कागदाची घडी घालून निघून गेले, आणि मग तिला फोन आठवला.

"हॅलो?… मोनिका, आयकलं का तू?… हॅलो?… माय?"

पडदा काळा होता. बोट लावलं तर उजळला. कॉल केव्हाच संपला होता. आंबागडला डोंगराच्या पायथ्याशी वारा फिरला तरी रेंज जाते. तिने पुन्हा लावला. समोरची बाई गोड आवाजात सांगू लागली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती क्षेत्राच्या बाहेर आहे. तिसऱ्यांदाही तेच.

फोन नेमका कुठल्या शब्दाला तुटला, ते तिला काही केल्या कळेना. 'तिच्या बदली मी बसते' तिथपर्यंत पोचला होता, की पायाला तेल लाव म्हणाली तिथेच गेला होता? वाईट बोललेलं मात्र सगळं पोचलं होतं, पहिल्या शब्दापासून. टेकचंदभाऊ एकेक खिडकी लावत तिच्यापर्यंत आले तेव्हा ती तिथेच उभी होती, फोन कानाला लावून, आणि पलीकडे नुसती घंटाही वाजत नव्हती.

"हॅलो?… मोनिका?" ती एकदा उगाच म्हणाली. मग तिने फोन ओढणीला पुसला, पर्समध्ये टाकला आणि उद्याची वर्तमानपत्रं बांधायला सुतळी कापून ठेवली.